मोशीच्या कृषी प्रदर्शनात पहिलाच स्टॉल, तयारी कधीपासून?

इस्लामपूरकर: आमचा ठिबकच्या फिल्टरचा छोटा कारखाना आहे. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घ्यायचं चाललंय. माणसं दोनच, मी आणि मेव्हणा. दिवाळीनंतर तयारीला लागलं तर चालेल का?

मिरजवाला: दिवाळीनंतर? तोवर दोन बाजूंनी उघडे कोपऱ्यावरचे स्टॉल गेलेले असतात हो. आत्ताच नकाशा मागवा. आणि फॉर्मवर वीज किती लागणार ते नीट भरा. पहिल्या वर्षी मी १ एचपीचा पंप हौसेनं नेला, पाणी फिरवून दाखवू म्हटलं. स्टॉलला प्लग मिळाला ५ अँपिअरचा. पंप सुरू केला की एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, खटकन खाली! शेजारच्या बियाणेवाल्याचीही वीज जायची, तो तर भांडायलाच आला. शेवटी एक फिल्टर उभा कापून टेबलावर ठेवला, आणि गर्दी त्यालाच. शेतकरी आत बोट घालून जाळी चाचपतो, व्हिडिओकडे ढुंकून बघत नाही.

रोपवाटिका_ताई: दोघांत भागणार नाही दादा. एक जेवायला गेला की दुसरा अडकलाच. भाच्याला घ्या. आलेल्याचं गाव, पीक, एकर वहीत लिहून ठेवायचं काम त्याला द्या; नुसत्या नंबरावरून महिन्याभरानं काही आठवत नाही. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तोही धरा.

इस्लामपूरकर: नकाशा मागवला. मेव्हणा अजून म्हणतोय, पंप नेऊच.

मिरजवाला: मग बियाणेवाल्याशेजारी स्टॉल घेऊ नका.