सहा महिने झाले, वरणाचं पाणी द्यायचं का घट्ट वरणभात?

महालवाली_आई
मुलगी परवा सहा महिन्याची झाली. डॉक्टरांनी आता वरचं सुरू करा म्हटलं पण गर्दी एवढी होती की नीट विचारताच आलं नाही. सासूबाई म्हणतात पहिला महिनाभर वरणाचं पाणी अन् पेजच द्यायची, घट्ट दिलं की पोट दुखते. रविवारी उष्टावण आहे, माझा भाऊ खीर चाटवणार, सोबत मध पण द्या म्हणून राहिले सगळे. मध चालतो का? आणि हा नागपूरचा मे, कुलरसमोर ठेवूनही घामाघूम होते पोरगी, पाणी पाजायचं का? मला कोणाला दुखवायचं नाही पण तिचं नीट व्हायला पाहिजे.

मानेवाडा_रोड
मध अजिबात नको ताई, वर्ष होईपर्यंत बोटभर पण नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात ते वाढतात अन् विष तयार करतात, बाळ ढिलं पडते, दूध ओढणं कमी होते. बॉट्युलिझम म्हणतात त्याला. मध गरम केला तरी ते बीजाणू मरत नाहीत. खीर मामाला चाटवू द्या, पण तिची वाटी साखर टाकायच्या आधीच वेगळी काढा. शिजवण्यात थोडं गाईचं दूध चालते, पोटभर प्यायला मात्र वर्षानंतरच.

आहारवाली
वरणाच्या पाण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण वजन न वाढणारी बाळं आमच्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा हेच ऐकायला मिळते, की रोज वाटीभर डाळीचं पाणी देतो. डाळ खाली राहते अन् बाळाच्या पोटात पाणी जाते! सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण २०० मिलीचं, ते पाण्याने भरलं तर दूधही कमी पिणार. मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजवा, चमच्याने घोटा, वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरपा केला तर पटकन ओघळायला नको, एवढं घट्ट. सुरुवातीला दोनतीन चमचे दिवसातून दोनदा, मग हळूहळू अर्धी वाटी, दूध अंगावरचं चालूच. मीठ-साखर वर्षभर नको. मिक्सरमध्ये एकदम गुळगुळीत नका करू, नऊ महिन्यापर्यंत तिला थोडे कण चावता यायला पाहिजेत.
आणि लोह! जन्मताना मिळालेला साठा सहा महिन्यात संपत येते, आईच्या दुधात लोह फार थोडं असते. मसूर, नाचणी, घरात खात असाल तर पूर्ण शिजलेलं अंडं, चिकनची कलेजी बारीक करून. वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळले की डाळीतलं लोह जास्त अंगी लागते, संत्र्याचा हंगाम आला की तोही रस चमचाभर. आशाताईकडे लोहाचं सिरप मिळते, सहा महिन्यापासून आठवड्यातून दोनदा १ मिली, तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

धंतोलीची_आजी
बेटा, सासूबाईंना तिचं वरण घोटायचं काम दे अन् पुढच्या वेळी डॉक्टरकडे सोबत ने, त्यांच्या कानावर थेट पडलं की घरातली चर्चा थांबते. पाणी जेवणासोबत दोन घोट, उकळून गार केलेलं. ऊन जास्त असलं तर छातीवर जास्त वेळा घे. सकाळचं घोटलेलं दुपारी देऊ नको, या गर्मीत लवकर खराब होते, थोडंथोडंच ताजं कर.

महालवाली_आई
खूप आभार सगळ्यांचे, मध रद्द. आज दोन चमचे खिचडी दिली, जिभेने सगळी बाहेर ढकलली. आवडली नसेल का?

आहारवाली
नाही हो, आजवर तिने फक्त चोखलं आहे, आत घ्यायला शिकते आहे. जबरदस्ती नको, उद्या परत तीच खिचडी द्या. उबळ आल्यासारखा आवाज काढून स्वतःच पुढे ढकललं तर घाबरू नका, पण खोकलाही येत नसेल, आवाज निघत नसेल तर अन्न अडकलं समजायचं, पालथं धरून पाठीवर थापट्या कशा द्यायच्या ते दवाखान्यात प्रत्यक्ष शिकून घ्या. सरळ बसवूनच भरवा, अन् अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, कच्चं गाजर घरात कोणालाच हातात देऊ देऊ नका.