केदारची नवी हिमालयन: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर

शुभांगी वहिनी (बी-२०४), शुक्रवार, रात्री ८.४१
सगळ्यांना नमस्कार. घरचं ग्रुपवर आणायचं नव्हतं, पण राहवत नाही. केदारने रॉयल एनफील्डची नवी हिमालयन मोटारसायकल घ्यायचं ठरवलंय, उद्या बुकिंगचे पैसे भरतो म्हणतो. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. रोज रत्नागिरी ते जयगड, त्यात आठवड्यातून दोनदा बोटीने तवसाळला. पाऊस तोंडावर आलाय. मागच्या वर्षी आरे-वारेच्या उतारावर काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी मनात काही न ठेवता सांगा.

अण्णा (ए-१०१), ८.४४
मीटर रूमच्या दारासमोर मोटारसायकल कोणी लावली आहे? तिसऱ्यांदा लिहीत आहे. रात्री लाइट गेली तर आत जायचं कसं?

नाना (बी-१०१), ८.४६
वहिनी, तेवढ्या पैशात दोन म्हशी येतील. पेट्रोल लागत नाही, दूधही मिळेल 😄

शुभांगी वहिनी, ८.४७
नाना, मला आत्ता हसू येत नाहीये.

नाना, ८.४७
माफ करा वहिनी.

समीर (ए-३०२), ८.५८
वहिनी, माझी मार्च २०२४ ची आहे, एकवीस हजार किलोमीटर झाले. गाडी उत्तम आहे. जुन्या मॉडेलचं इंजिन ४११ सीसीचं, हवेवर आणि तेलावर थंड होणारं, २४ हॉर्सपॉवर. नवीचं ४५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ४० हॉर्सपॉवर. गिअर पाचाचे सहा झाले. टाकी १५ लिटरची १७ ची झाली. हायवेला ट्रकच्या मागे अडकलो की आता ओव्हरटेक करायला अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता शोधावा लागत नाही. माझ्या मते यातच खरी सुरक्षितता आहे. हातखंबा ते संगमेश्वर डायव्हर्जनमधून किती वेळा गेलोय, पाठ दुखत नाही.

बाळा (बी-१०३), ९.०५
समीर, हायवेचा सांगू नको. पोरगो हायवेन जाणारच नाय. माझी जुनी २०१८ ची. जुनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ३२, पण तो सव्वाचार हजार आरपीएमलाच (मिनिटाला फेरे) मिळता. नवीचा ४०, पण त्यासाठी साडेपाच हजारापर्यंत न्यावी लागते. चिऱ्यांच्या पाखाडीवर, शेवाळावर, वळणावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जायचं असतं. तिथे माझी जुनी बैलासारखी ओढते. आठ वर्सां चालवतंय, काय्येक होवक नाय.

समीर, ९.०९
बाळादा, तुमचा मान राखून सांगतो, नवीसुद्धा खालून ओढते. पहिले चार-पाचशे किलोमीटर हात बसत नाही, एवढंच. क्लच जुनीपेक्षा कितीतरी हलका आहे. आंबा घाटात चढताना तिसरा गिअर टाकला की वरपर्यंत बदलावा लागत नाही. तुमच्याबरोबर साखरप्याला थांबलो होतो तेव्हा जुनीचं इंजिन किती तापलं होतं आठवतं का?

बाळा, ९.१०
मे महिनो होतो तो! माणसा पण तापतत.

अण्णा, ९.१२
मीटर रूमसमोरच्या गाडीला दोन्ही बाजूंना पेट्या आहेत. ती कोणाची ते सर्वांना माहीत आहे. नाव घेत नाही.

सचिव (बी-३०१), ९.१५
सर्वांना नम्र विनंती की चर्चा सौम्य भाषेत ठेवावी. पार्किंगचा विषय पुढील सभेत घेतला जाईल.

अण्णा, ९.१६
पुढील सभेत म्हणता म्हणता तीन सभा झाल्या.

केदार (बी-२०४), ९.२१
आई, हे ग्रुपवर कशाला? मी पैसे माझ्या पगारातून भरतोय. सहा महिने वाचतोय, बघतोय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात ही गाडी आली तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

शुभांगी वहिनी, ९.२३
तुला कोणी नाही म्हटलेलं नाही. विचारतेय.

खजिनदार (ए-२०१), ९.२७
केदार, हिशोब नीट केलास ना? ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ आणि वर ३ सेस होता. ३५० च्या आतल्या गाड्या उलट २८ वरून १८ वर आल्या. शिवाय विमा आणि रजिस्ट्रेशन. शोरूमची किंमत बघून हप्ता ठरवू नकोस.

केदार, ९.२९
काका, रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा आकडा काढलाय. केटीएमची २०२५ ला बदललेली ३९० ॲडव्हेंचर पण बघितली. तिलाही आता पुढे २१ इंची चाक आहे. पण माझं मन हिच्यावर आहे.

मनाली (ए-३०२), ९.३८
मागे बसणाऱ्याचं कोणी विचारतच नाही, म्हणून मी सांगते. जुन्या गाडीवर (बाळादांच्या) मी बसले आहे. तिची सीट सपाट वाटायची, चढायला सोपी होती. नवीत मागची सीट जास्त उंच. साडी नेसून चढणं जवळजवळ अशक्य. पण एकदा बसलं की गणपतीपुळ्यापर्यंत कंबर दुखली नाही, खड्ड्यात उडाले नाही. आणि समीर, फेरीबोटीवरचं पण सांग. वहिनी मनात काही न ठेवता सांगा म्हणाल्यात.

बाळा, ९.३९
होय तर, सांग सांग.

समीर, ९.५२
सांगतो. गेल्या जुलैची गोष्ट. तवसाळहून येत होतो. बोटीचा लोखंडी पत्रा जेटीवर टेकतो त्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ओहोटी होती आणि पत्रा चांगलाच तिरका. वरून पाऊस, आणि पत्र्यावर आधीच्या गाड्यांच्या चाकांनी आणलेला लाल चिखल, तुपासारखा. माझ्यापुढची सुमो मध्येच थांबली. मी निम्म्या पत्र्यावर. डावा पाय खाली टाकला तर टाच हवेतच, नुसता चवडा टेकला आणि सरकला. सीटची उंची ८२५ मिलीमीटर, माझी पाच फूट पाच इंच, आणि उतारामुळे जमीन आणखी खाली. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरला होता, तरी गाडी इंच इंच मागे जात होती. बोटीवरच्या पोऱ्याने धावत येऊन मागचं कॅरियर धरलं म्हणून उभा राहिलो. गाडी पेट्रोलसकट १९६ किलोची, त्यात दोन पेट्या. एकट्याच्या बापाला आवरली नसती.
यात गाडीचा दोष नाही. मी सुमोच्या फार जवळ गेलो होतो. पण आडवी पडली असती तर पाय खाली गेला असता.

शुभांगी वहिनी, ९.५५
हेच. हेच मला हवं होतं. केदारची उंची तुझ्याएवढीच आहे.

केदार, ९.५६
समीरदादा 🙏 हे मला कधीच सांगितलं नाहीस.

समीर, ९.५८
लाज वाटली रे. त्यानंतर लो सीट घालून घेतली. २० मिलीमीटरने खाली येते. ऐकायला काहीच नाही, पण आता दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकतात.

बाळा, १०.०३
जुनीची सीट ८००. मी पयल्यापासून ताच सांगतंय.

समीर, १०.०४
बाळादा, जुनी पण वजनाला जवळजवळ तेवढीच आहे, ते पण सांगा.

बाळा, १०.०५
आसा. पण पाय टेकतत ना!

अण्णा, १०.०६
मीटर रूम.

समीर, १०.०८
अण्णा, गाडी माझी आहे. माझ्या जागेत चिऱ्यांचा ढीग दोन महिने पडून आहे, म्हणून तिथे लावली. आत्ता खाली येऊन हलवतो. आधीच सांगायला हवं होतं, चुकलं.

अण्णा, १०.०९
ठीक आहे. चिरे मी बी विंगवाल्यांना उचलायला सांगतो.

नाना, १०.११
बी विंगवाले म्हणजे नेमके कोण? आमचे चिरे नाहीत.

सचिव, १०.१२
कृपया चिऱ्यांचा विषय उद्या.

समीर, १०.२९
गाडी हलवली. केदार, अजून तीन गोष्टी, मग झोपतो. एक, माझी सुरुवातीची, ट्यूबवाली आहे. पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं. मालगुंडच्या पुढे भर पावसात दीड तास बसलोय. २०२४ मध्येच नंतर ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आला, चार पैसे जास्त गेले तरी तीच घे. दोन, पुढच्या फोर्कची (चाक धरणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरची) चकचकीत नळी नवीत खालच्या बाजूला आहे. चिखल थेट तिथेच उडतो आणि वाळला की ऑइल सीलला खातो. रोज घरी आलास की ओल्या फडक्याने पूस. आपला खारा वारा कोणाला सोडत नाही, स्पोक आणि चेनपण गोड्या पाण्याने धू. तीन, मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय आहे. ती कच्च्या रस्त्यासाठी. ओल्या डांबरावर तिला हात लावायचा नाही, मला शब्द दे.

केदार, १०.३१
शब्द दिला.

बाळा, १०.३४
फोर्कचा बरोबर बोललो तो. आणि पार्टांचं पण बघून ठेव. माझा ब्रेकचा लिव्हर मोडला तेव्हा इथल्या एका सर्व्हिसवाल्याने बारा दिवस ताटकळत ठेवला. लिव्हर आणि क्लच केबल घरात ठेवायची. समीरकडे आसत काय?

समीर, १०.३५
दोन्ही आहेत. बाळादा, तुम्हीच शिकवलंत.

शुभांगी वहिनी, १०.४०
समीर, रविवारी वेळ आहे का? केदारला तुझ्या गाडीवरून जयगड, तवसाळ आणि परत असं आणशील? मी पण येते, बाळा भाऊजींच्या मागे. डोळ्यांनी बघायचंय. केदार, उद्या पैसे भरू नकोस.

केदार, १०.४१
बरं.

बाळा, १०.४२
वहिनी, साडेसहाक तयार रवा. ओहोटी बघून निघूया, पत्रो तिरको गावाक होयो.

शुभांगी वहिनी (बी-२०४), रविवार, दुपारी १२.१७
आताच आलो. जाताना निवळी रस्त्याला बंदराचे ट्रक होते. केदारने दोन ओव्हरटेक केले, दोन वेळा मागेच थांबला. थांबला ते मला जास्त आवडलं. बोटीवर चढताना पत्रा ओला करायला समीरने खलाशाकडून दोन बादल्या पाणी टाकून घेतलं, लोक बघत होते. पहिल्यांदा केदार समोरच्या रिक्षाच्या फार जवळ गेला, समीर ओरडला. परत येताना त्याने पुढची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत जेटीवरच वाट बघितली, मग एका दमात वर घेतली. मध्ये मुद्दाम थांबवायला सांगितलं तेव्हा दोन्ही पाय टेकले, मी वाकून बघितले. बाळा भाऊजी म्हणाले, चालात.
मी पण पाच मिनिटं मागे बसले. पंजाबी ड्रेस घातला होता.

केदार, १२.२०
उद्या पैसे भरतोय. लो सीट आणि ट्यूबलेस चाकं धरून. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आई घेऊन देणार आहे.

बाळा, १२.२१
माझी जुनी इकूची नाय आसा, कोणी विचारू नका.

अण्णा, १२.२४
केदार, अभिनंदन. नवी गाडी आली की माझ्या जागेशेजारी लाव. तिथे भिंत आहे, पाऊस लागत नाही. मी कार थोडी आत घेतो.