ओपिऑइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कायद्याचे कवच द्यावे का?

शाहूपुरीकर
राजारामपुरीतील एका भूलतज्ज्ञांनी काल येथे लिहिले की, जुनाट वेदनेसाठी सद्भावनेने मॉर्फीन किंवा ट्रामाडोल यांसारखे ओपिऑइड (अफूपासून किंवा तिच्या धर्तीवर बनवलेले वेदनाशामक) लिहून देणाऱ्या डॉक्टरवर गुन्हाच नोंदवता येऊ नये. आधार म्हणून त्यांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा रुआन निकाल पुढे केला आहे. तो मुळातून वाचला असता तर त्यांनी असे लिहिले नसते. न्यायालयाने डॉक्टरांना अभय दिलेले नाही. आपण वैद्यकीय मर्यादेबाहेर औषध लिहीत आहोत हे डॉक्टरला ठाऊक होते किंवा त्याचा तसा हेतू होता, हे सरकारी पक्षाने सिद्ध करावे, एवढेच म्हटले आहे. कवचाचा प्रयोग त्या देशात होऊन गेला आहे. टेक्सासने १९८९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये, असह्य वेदनेवर अशी औषधे देणाऱ्यांना वैद्यकीय मंडळाच्या कारवाईपासून संरक्षण देणारे कायदे केले. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड बाजारात आले. पुढचा व्यसनांचा आणि मृत्यूंचा इतिहास सर्वांना माहीत आहे. शिवाय तेथील माजी सैनिकांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाठ, खुबा व गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर ओपिऑइड वर्षभर देऊनही इतर औषधांपेक्षा अधिक गुण आला नाही. मग कवच कशासाठी?

भूलतज्ज्ञ
निकाल मी वाचला आहे. चाचणी तुम्ही पुरती वाचलेली नाही. तिच्यातील ‘इतर औषधे’ घेणाऱ्या गटाला शेवटच्या पायरीवर ट्रामाडोल देण्याची मुभा होती, आणि ट्रामाडोल हेही ओपिऑइडच आहे. राहिला टेक्सासचा धाक. तो कोल्हापुरात दाखवणे म्हणजे आटपाडीला महापुराचा इशारा देणे होय. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या या देशात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानंतर मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नगण्य पातळीवर घसरला होता. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा घोळ बराच मिटवला हे खरे, परंतु ती दुरुस्ती रुग्णालयातील साठ्याची काळजी करते, माझ्या सहीची नाही. त्यातच भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी इतरांना पाच वर्षांपर्यंत आणि डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, आणि हे आमच्यावरील उपकार म्हणून ऐकवले जाते.

केमिस्ट, मंगळवार पेठ
सही डॉक्टरांची आणि रजिस्टर आमचे, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल एनडीपीएसखाली गेले, तेव्हापासून तपासणीला येणारा अधिकारी प्रथम आमच्या काउंटरवर येतो. चिठ्ठीवर तारीख नसते, गोळ्यांची संख्या वाचता येत नाही, आणि परत पाठवले की पेशंट आमच्यावरच ओरडतो. संरक्षण वाटायचेच असेल तर आम्हालाही द्या.

भूलतज्ज्ञ
त्यापूर्वी हेच ट्रामाडोल चिठ्ठीवाचून कोणाच्या काउंटरवरून जात होते, तेही त्या रजिस्टरात लिहा.

केमिस्ट, मंगळवार पेठ
सर्वांना एका माळेत ओवू नका, डॉक्टरसाहेब. दवाखान्यातच सुट्या गोळ्यांच्या पुड्या बांधून देणाऱ्या, नावाची चिठ्ठीही न लिहिणाऱ्या तुमच्या व्यवसायबंधूंबद्दल मी काही बोललेलो नाही. बोलायला लावू नका.

कागलकर
आपले भांडण संपले असल्यास एक सांगतो. माझ्या वडिलांची उमर शिरोलीच्या फौंड्रीत गेली. मणक्याचे ऑपरेशन होऊनही दुखणे राहिले, आणि एका डॉक्टरांच्या गोळीवर ते बसून जेवू लागले, गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले. कोठेतरी धाड पडल्याची बातमी आली आणि त्याच डॉक्टरांनी एका दिवसात गोळी बंद केली. वडिलांना दरदरून घाम येई, जुलाब होत, रात्रभर पाय झाडत. आम्ही ते वयावर ढकलले. गोळी अचानक तोडल्याने असे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तुमच्या चाचणीत काय सिद्ध झाले याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांना गुण येत होता.

एक वकील, कसबा बावडा
गोळी अशी एकाएकी तोडू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला होता. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतील मात्रेच्या आकड्यांचा धसका घेऊन तेथील डॉक्टरांनी हेच केले होते. आता मूळ मुद्दा. डॉक्टरांनी रुआन निकाल चुकीच्या कारणासाठी मांडला, परंतु त्यांची तक्रार खोटी नाही. तिकडे हेतू सरकारने सिद्ध करायचा; आपल्या एनडीपीएसच्या कलम ३५ नुसार, जेथे हेतूचा प्रश्न येतो तेथे न्यायालय तो गृहीतच धरते, आणि तो नव्हता हे आरोपीने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचे असते. कलम ८ वैद्यकीय उपयोगाला सूट देते, पण उपयोग खरोखर वैद्यकीय होता का, हाच वाद असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५ मध्ये घातलेली, डॉक्टरवर कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची अट निष्काळजीपणाच्या तक्रारींपुरती आहे. गंमत म्हणजे सद्भावनेने केलेल्या कृतीचे संरक्षण या कायद्यात आहे, कलम ६९ मध्ये. त्यात सरकार आहे, अधिकारी आहेत, डॉक्टरचा उल्लेख नाही.

शाहूपुरीकर
कलम ३५ चा मुद्दा मान्य करतो. तो ज्यांच्या फायद्याचा आहे त्यांना सुचला नाही, याचीही नोंद घेतो. तरीही सरसकट कवचाला माझा विरोध कायम आहे. सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाका, पोलिसांनी हात घालण्यापूर्वी त्या विषयातील तज्ज्ञांचे मत सक्तीचे करा. मात्र ज्याला हे संरक्षण हवे त्याने तपासणीची लेखी नोंद ठेवावी, आणि कागलकरांच्या वडिलांसारखा पेशंट एका दिवसात वाऱ्यावर सोडणाऱ्याला ते मिळू नये.

भूलतज्ज्ञ
एवढी उदारता अपेक्षित नव्हती. अट मान्य आहे. मात्र मी रजेवर असताना ती गोळी कोणी लिहायची, हेही त्याच कायद्यात घाला. कारण माझ्या पेशंटची मॉर्फीनची चिठ्ठी पुढे चालू ठेवायला तयार असलेला एकही सहकारी मला या शहरात अद्याप मिळालेला नाही.