लक्ष्मीविलास पॅलेस: एका दिवसात राजवाडा आणि बाग दोन्ही नीट कसं बघावं?

पार्लेकर
डिसेंबरात मुंबईहून बडोद्याला जाऊन त्याच रात्री परत यायचंय. सोबत सत्तरीतली आई. दरबार हॉलचं वर्णन सगळीकडे मिळतं, पण बागेत आणि बाहेरच्या दगडकामात नेमकं काय बघायचं? आधी काय, नंतर काय?

गिरगावकरीण
सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. मुंबई सेंट्रलहून सकाळची वंदे भारत किंवा शताब्दी धरा. पोचल्यावर आधी वाडा करा, कारण चालणं आणि पायऱ्या तिथेच जास्त आहेत आणि आईंचे पाय तेव्हा ताजे असतील. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे दरबार हॉलमधली व्हेनिसच्या धर्तीची मोझेक फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा डोळे भरून बघून घ्या. जेवून फत्तेसिंहराव संग्रहालय. त्याचं तिकीट वेगळं असतं. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १८८८ मध्ये १४ पौराणिक चित्रं करवून घेतली होती, त्या नात्याने तिथला रविवर्म्याच्या चित्रांचा संग्रह बघायलाच हवा. बाग शेवटी, चारनंतर. ऊन तिरपं झालं की कोरीवकामाला सावली मिळते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

माळीकाम
बहुतेक लोक पोर्चसमोर फोटो काढून परततात आणि मग म्हणतात, बागेत काही नव्हतं. इतक्या जवळून ही वास्तू नजरेत मावतच नाही. दीडशे-दोनशे पावलं मागे या, जिथवर जाऊ देतात तिथवर. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. तो १८८१ मध्ये वारल्यावर रॉबर्ट चिझमने काम हाती घेतलं आणि १८९० मध्ये पुरं केलं. दरबाराचा भाग, महाराजांचा भाग आणि जनानखाना असे तीन भाग, आणि ते एकमेकांसारखे नाहीत. त्यामुळे मुघल चारबागेत, म्हणजे चार सारख्या भागांच्या बागेत, उभं राहतो तसं मधोमध उभं राहून उपयोग नाही. हिरवळीच्या कडेने चालत राहा, दर पन्नास पावलांनी शिखरं आणि घुमट एकमेकांआडून सरकताना दिसतील.

बाग आखली विल्यम गोल्डरिंगने, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला माणूस. मूळ आवार ७०० एकर, म्हणजे आपली २५ शिवाजी पार्कं! इंग्रजी पद्धत म्हणजे मोकळी हिरवळ, कडेला झाडांचे पुंजके, वळत जाणारे रस्ते. अडचण पाण्याची. ही पद्धत बारा महिने पाऊस पडणाऱ्या मुलखातली, बडोद्यात पाऊस चारच महिने. पाणी कमी पडलं की आधी गवत जळतं. वड, कडुनिंब तग धरतात, कारण त्यांची मुळं खोल. म्हणून डिसेंबर उत्तम. एप्रिल-मेमध्ये रंग उतरलेला असतो.

चुनागच्ची
दगडाबद्दल. पिवळसर दगड सोनगढचा, निळसर काळा पुण्याकडचा. मँटचाच कोल्हापूरचा नवा राजवाडा बघितला असेल तर फरक लगेच कळेल. तिथे काळा दगड एकसंध गंभीर दिसतो, इथे रंगांचा खेळ आहे.

जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत नीट बघा. जुन्या दगडी इमारतीत ओल तिथवर चढते. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या असतील तर ती ओल दरजांतूनच बाहेर पडते. दुरुस्तीत सिमेंट भरलं की वाट बंद होते, पाणी दगडातून निघतं, आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मुंबईत मालाड दगडाच्या इमारतींची हीच दुखणी आहेत. कोरीव भागाला हात लावू नका, सुटलेला पापुद्रा बोटाने निघतो.

पार्लेकर
खूप उपयोग झाला. नवलखी वाव, म्हणजे ती पायऱ्यांची जुनी विहीर, तीही याच आवारात ना?

माळीकाम
हो, वाड्याच्या किती तरी आधीची, शिलालेख १४०५ चा. पण नेहमीच्या तिकिटात ती येईलच असं धरू नका, खिडकीवर आधी विचारा. आईंना वरूनच दाखवा, पायऱ्या उतरायला लावू नका.