वाकांडात टोळ्या की जमाती? आणि टोळीला राजा असतो का?

शब्दवेडी:
आमच्या वाचनगटात यंदा ब्लॅक पँथरची, म्हणजे वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या सुपरहिरो राजाची, कॉमिक्स फिरली, आणि सगळ्यांची मतं मराठीत एकत्र करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अडलंय ते 'ट्राइब'पाशी. मी सरळ 'वाकांडातल्या टोळ्या' लिहिलं तर नणंद म्हणाली, टोळ्या काय, ते दरोडेखोर आहेत का, जमाती कर. जमाती केलं की जातपडताळणीचा फॉर्म भरतोय असं वाटतं. त्यात एकाने लिहिलंय 'टोळीप्रमुख असून केवढा शिकलेला' आणि खाली दुसरीने चिडून, 'तो राजा आहे, टोळीप्रमुख नाही.' काय ठेवू?

पेठकर:
टोळीच. शाळेच्या पुस्तकात आपण सगळे तेच वाचलंय, उगाच शब्दाला राजकारण चिकटवू नका. शब्द बहुतेक टोळावरून आला असणार, टोळधाडीसारखे झुंडीने येणारे ते टोळी.

उसाचं_रान:
टोळवरनं टोळी तर मग पोळवरनं पोळी का ओ काका? आमच्या बीडकडं टोळी म्हणजे ऊसतोडीची. इतके कोयते, एक मुकादम, उचल घेतली की चालले कारखान्यावर. टोळीला मुकादम असतो, राजा कुठनं आला. आणि तुमचा हा राजा राज्य सोडून अमेरिकेत अ‍ॅव्हेंजर्स नावाच्या सुपरहिरोंबरोबर फिरतो, आमचा मुकादम असा गेला तर टोळी दुसऱ्या दिवशी गायब. १९७३ ला सुरू झालेल्या गोष्टीत तेच होतं की, हा परत येतो तर घरात बंड, आणि त्याचा शत्रू किलमाँगर त्याला धबधब्यावरून खाली टाकतो. मला तर तीच सगळ्यात आवडली, कारण त्यात तो सारखा मार खातो.

इंद्रजाल_भक्त:
टोळी हा शब्द आपल्या डोक्यात बसवला इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने. आफ्रिकेचं जंगल, बांदर नावाचे बुटके लोक, बाकीच्या टोळ्या भांडतायत आणि त्यांचा न्याय करायला कवटीच्या गुहेत बसलेला गोरा माणूस! लहानपणी यात काही खटकलं नाही. ब्लॅक पँथरची ती १९७३ ची गोष्ट ज्या मासिकात आली त्याचं नावच 'जंगल अ‍ॅक्शन', त्याच्या आधी त्यात गोऱ्या जंगलवीरांच्या जुन्या गोष्टी परत छापत होते. तिथे त्याच देशाचा राजा नायक म्हणून आला आणि गोष्टीतली बहुतेक सगळी माणसं काळी, हे त्या काळी केवढं मोठं होतं. आणि आपण त्याला परत टोळीत नेऊन बसवायचं?

मुरुडकर:
इंद्रजालदादांशी सहमत. आमच्या गावासमोर पाण्यात किल्ला उभा आहे. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतलेच ना, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं, लोक नवाब म्हणत. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, त्याने निजामशाही चालवली, खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. ह्या लोकांना टोळीप्रमुख म्हटलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. समुद्र ओलांडून इकडे आला की नवाब आणि तिकडेच राहिला तर टोळीप्रमुख, हा काय हिशोब? इंग्रजांनी तिकडच्या चांगल्या राजांना 'चीफ' करून टाकलं, म्हणजे राजा म्हणायला उरला त्यांचा एकटाच लंडनमधला. बुगांडाचा कबाका घ्या, अशांतीचा असांतेहेने घ्या, हे आफ्रिकेतले राजेच, दरबार, कारभारी, सगळं होतं.

शुद्धगंगा:
जमात अरबी, नवाब अरबी. आपल्याकडे 'गण' हा सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला? आणि ब्लॅक पँथर तरी का, 'काळा बिबट्या' म्हणा, प्राणी तोच आहे.

उसाचं_रान:
ताई, गण म्हणजे पंचायत समितीचा. वाकांडा गणातून तिकीट कुणाला मिळालं मग?

निळी_शाई:
काळा बिबट्या?? १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा कोणी भाषांतर करत बसलं नाही. आमचे काका आजही 'मी पँथर होतो' म्हणतात, ते बिबट्या होते असं सांगून बघा त्यांना. पँथर मराठी शब्द आहे, विषय संपला. गंमत म्हणजे कॉमिक्समधला पँथर आला १९६६ च्या जुलैत आणि अमेरिकेतल्या ओकलंडचा, काळ्या लोकांचा ब्लॅक पँथर पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे कॉमिक्सवाला आधीचा. मग १९७२ त कॉमिक्सवाल्यांनीच नाव बदलून ब्लॅक लेपर्ड करून पाहिलं, थोड्याच दिवसांत गुपचूप परत पँथर. म्हणजे तुमचा बिबट्या तिकडेही चालला नाही.

शब्दवेडी:
अहो पण ट्राइब? २०१६ पासूनच्या गोष्टीत वाकांडाचे लोकच विचारतात की आम्हाला राजा हवाच कशाला. गटातले निम्मे म्हणतात नुसती भाषणं आहेत, मारामारी कुठेय. मला उलट तीच पटली, सुपरहिरो चांगला म्हणून राजेशाही चांगली ठरते का? तिथे तर 'टोळ्यांनी बंड केलं' लिहिलं की पार वाट लागते अर्थाची.

पेठकर:
मग 'लोक' लिहा. नदीकाठचे लोक, डोंगरातले लोक. पण राजा नको, तर त्या टचालाला, म्हणजे तुमच्या ब्लॅक पँथरला, काय म्हणणार, सरपंच?

मुरुडकर:
टचाला असं लिहिलंत तर मराठी माणूस 'चाला, उठा' मधला च वाचणार. चहातला च हवा तिथे.

शुद्धगंगा:
म्हणूनच दोन च वेगळे लिहायला हवेत, खाली नुक्ता द्यावा. कधीचं सांगतेय.

इंद्रजाल_भक्त:
१९९८ च्या कॉमिक्स-मालिकेत त्याच्या अंगरक्षक बायका फक्त राजाशीच बोलतात आणि त्याही हौसा भाषेत, सिनेमात आली खोसा. त्यांनाच एक ठरवता आलं नाही, तुम्ही च धरून बसलाय.

उसाचं_रान:
नुक्ता नंतर द्या, आधी चाकूतला च कुठला ते सांगा. आमच्या घरात मी एक म्हणतो, बायको दुसरा.