खुडुक बसवू की मशीन लावू? ऊन तापायच्या आत सांगा

पांदणरस्ता (दारव्हा, यवतमाळ):

नमस्कार मंडळी. घरी पाच-सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली तांबडी परवापासून खुडुक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली. कुटाराच्या कोपऱ्यात पंख फुगवून बसते, हात नेला की घशातून कुरकुरते आणि टोचते. आई म्हणते, टाक तिच्याखाली अंडी.

इकडे आतेभावाने त्याचं अंडी उबवायचं थर्माकोलच्या डब्याचं मशीन आणून दिलं आहे. आत छोटा पंखा, बल्ब आणि तापमान दाखवणारा डिजिटल कंट्रोलर. पण त्याच्याकडे मागच्या लॉटमध्ये निम्म्याहून जास्त पिल्लं अंड्यातच मेली. फोडून पाहिलं तर पूर्ण तयार, अंगावर लव आलेली, टोचायच्या तयारीत. जी निघाली त्यातलीही बरीच पहिल्या आठवड्यात बल्बखाली गेली. म्हणून मशीन लावायला हात धजत नाही.

आमच्याकडे वारा सुटला की लाईन जाते आणि कधी येईल त्याचा नेम नाही. फेब्रुवारी संपत आला, होळीनंतर ऊन काय होतं ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. कोंबडी बसवू की मशीन लावू? मशीन लावलं तर निघालेली पिल्लं जगवायची कशी? आखाडीला चार नर विकायला मिळाले तर बरं, एवढीच अपेक्षा आहे.

धानपट्टा (लाखनी, भंडारा):

मशीनच लावा. खुडुक कोंबडी २१ दिवस अंड्यावर, मग दीड-दोन महिने पिल्लांमागे, तोवर तिचं अंडं बंद. गावरान कोंबडी आधीच वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार, त्यात हा खाडा. मी इन्व्हर्टरवर चालवतो. निघालेल्या पिल्लांखाली धानाचा भुसा, वर बल्ब, काही अडत नाही. फक्त एलईडी लावू नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब शोधा, तालुक्याला एखाद्या दुकानात मिळतो अजून.

खुराड्याची काकू (अचलपूर, अमरावती):

भाऊ, कोंबडी अन् मशीनचं भांडण कायले लावता? दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा, बाकीची मशीनमधी. एकविसाव्या दिवसाच्या आसपास दोन्हीकडची पिल्लं निघतात. मशीनमधली पिल्लं सुकून फुलली की त्याच रात्री अंधारात कोंबडीच्या पोटाखाली सरकवून द्या. तिले मोजता येत नाही. सकाळी उठून ती सगळ्यायले घेऊन निघते. मंग बल्ब नको, इन्व्हर्टर नको, लाईन गेली तं गेली. या दिवसांत चांगली कोंबडी पंधरा-वीस पिल्लं आरामात सांभाळते.

दोन गोष्टी मात्र पाहून घ्या. पिल्लू एक-दोन दिवसांच्या वर जुनं नको, ते मंग कोंबडीले ओळखत नाही, अन् कोंबडीही त्याले टोचते. अन् सकाळी पहिला तासभर जवळ बसून राहा. एखादी कोंबडी दुसऱ्या रंगाचं पिल्लू दिसलं की डोक्यात चोच हाणते. तशी दिसली तं तेवढी पिल्लं काढून घ्या, बाकीची राहू द्या.

आता तुमच्या आतेभावाची पिल्लं अंड्यात काहून मेली? पूर्ण तयार होऊन मेली म्हणजे अंडं चांगलं होतं, कोंबडाही चांगला होता. बहुतेक करून शेवटच्या तीन दिवसांत पाणी कमी पडलं. आपल्याकडची हवा होळीच्या टायमाले कोरडीठक्क असते. पिल्लानं टोचा मारला की आतली पातळ साल सुकून त्याच्या अंगाले चिकटते, त्याले फिरताच येत नाही. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्के चालते, मंग पासष्ट-सत्तर लागते. वाटी खोल असून उपयोग नाही, पसरट ताटली ठेवा, त्यात स्पंजचा तुकडा उभा करा. अन् अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद, झाकण उघडणं बंद. लोकायले राहवत नाही, "किती निघाले पाहू" म्हणून दर घंट्याले उघडतात अन् सगळी वाफ घालवतात.

कंट्रोलरच्या आकड्यावर भरोसा ठेवू नका. घरातलं ताप पाहायचं थर्मामीटर अंड्यावर आडवं ठेवून पडताळा. पंख्याच्या मशीनमधी साडेनव्व्याण्णव ते शंभर फॅरनहाइट पाहिजे. पाऱ्याचं असेल तं झटकून ठेवा, कारण ते सगळ्यात जास्त कुठवर गेलं तेच दाखवते. आपल्याले तेच पाह्यजे. अंड्यातल्या जिवाले थंडीपेक्षा गरमी लवकर मारते. लाईन घंटा-दोन घंटे गेली तं घाबरू नका, डब्यावर गोधडी टाका अन् उघडू नका. कोंबडीही रोज उठून दाणापाणी करते, धुळीत लोळते, वीसेक मिनिटांनी परत येते. तोवर अंडी उघडीच असतात ना.

सातव्या दिवशी रात्री अंधार करून पाहा. पुठ्ठ्याले अंड्याच्या टोकाएवढं भोक पाडा, खालून मोबाईलची बॅटरी लावा, अंड्याचं जाडं टोक भोकावर टेकवा. जीव असला तं लाल शिरांचं जाळं दिसते अन् मधात एक काळा ठिपका, थोडं थांबलं तं तो हलतो. नुसतं पिवळं दिसलं तं ते वांझ. शिरा नाहीत, नुसतं लाल कडं गोल फिरलेलं दिसलं तं जीव धरून मेलं, ते लगेच काढा, नाही तं सडून फुटते अन् सगळ्या डब्यात वास सुटते.

कोंबडीच्या टोपल्यात खाली राख, वर कडुलिंबाचा पाला अन् वाळलं गवत टाका, म्हणजे पिसवा होत नाहीत. माझी सासू त्यात लोखंडाचा खिळाही ठेवायची, आभाळ गडगडलं की अंडी नासतात म्हणे. मी अजून ठेवते. खिळ्यानं अंड्याचं काही बिघडत नाही.

पशुधनवाला (निवृत्त, वर्धा):

काकूंनी सांगितलेली जोडणी उत्तम आहे. पण समजा कोंबडीने पिल्लं घेतलीच नाहीत, तर बल्बखाली जगवण्याविषयी सांगतो, कारण मरतूक तिथेच होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाचने कमी. हे पुस्तकातलं. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत तेवढी गरमी आपोआप असते. तरी लोक बल्ब चालूच ठेवतात आणि पिल्लं धापा टाकून मरतात. दिवसा बंद, रात्री चालू. पिल्लांकडे पाहा: बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठली आहेत, कडेला पळून चोच उघडी ठेवली तर तापली आहेत, सगळीकडे पांगून दाणा टिपत असली तर ठीक. खोक्याला कोपरे नकोत, कोपऱ्यात गर्दी होऊन खालची चिरडतात. पुठ्ठा गोल वळवून रिंगण करा. खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय घसरून फाकतात, पोतं अंथरा. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका. बूड चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा, ओढू नका.

लसीकडे दुर्लक्ष करू नका. मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) आली तर अख्खं खुराडं रिकामं होतं. पाच ते सात दिवसांत मानमोडीच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस टोचून. कुपी शंभर-दोनशे डोसची येते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून आणावी. बर्फाच्या थर्मासात आणायची, कालवली की तास-दोन तासांत संपवायची, तेही सकाळच्या गारव्यात. आणि बाजारात टोपलीत रंगवून विकतात ती पिल्लं आपल्या पिल्लांत मिसळू नका. विकतच घ्यायची असतील तर नागपूरला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

पांदणरस्ता:

काकू, साहेब, खूप आभार. ठरलं, दोन्ही सोबत लावतो. एक अडचण आहे. अंडी एकदम जमत नाहीत, रोज दोन-तीनच मिळतात. तोवर फ्रिजमध्ये ठेवू का? आणि खुडुक कोंबडी तोवर थांबेल का?

खुराड्याची काकू:

फ्रिजमधी नको, तिथं फार गार होते अन् जीव मरते. बाहेर दुपारच्या गरमीत ठेवलं तं २५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर अंड्यात वाढ अर्धीमुर्धी सुरू होते, मंग पुढं होत नाही अन् मरते. आपल्याकडं उन्हाळ्यात पिल्लं कमी निघतात त्याचं हेच मोठं कारण आहे, पण बोल कोंबडीले लागते. माठ ठेवतो ना घरात, त्याच्याखालच्या ओल्या रेतीजवळ टोपली ठेवा, अंडी टोकदार बाजू खाली करून. धुवू नका, घाण लागली असेल तं कोरड्या फडक्यानं पुसा. अंडं घातल्याबरोबर उचला, दुपारपर्यंत खुराड्यात पडू देऊ नका. अन् सात दिवसांच्या वर जुनं झालं तं ते खायले घ्या, बसवू नका.

कोंबडी थांबते. तिच्याखाली दोन-तीन जुनी अंडी ठेवून द्या, त्यावर पेन्सिलनं फुली मारा म्हणजे घोळ होत नाही. बसायच्या दिवशी रात्री ती काढा अन् सगळी नवी एकदम ठेवा. आज एक, उद्या दोन असं करू नका, नाही तं पहिलं पिल्लू निघालं की कोंबडी त्याच्यामागं उठून जाते अन् मागची अंडी थंडी पडतात. अन् टोपलं आतापासूनच घरात घ्या. कुटारात मुंगूस येते, अन् बसलेली कोंबडी अंडी सोडून पळत नाही.