तुमचं जॅझ कोणतं? अल्बम सांगा, आठवणी सांगा

वर्धाकाठ
परवा पुतण्याच्या वरातीत देवळापाशी बँडवाल्या काकांनी बाकीच्यांना थांबवलं आणि एकट्यानं क्लॅरिनेट वाजवला. अर्धा मिनिट असेल. पोरं डीजे लावा म्हणून ओरडत होती, माझ्या अंगावर मात्र काटा आला. मामाचं बल्लारशाचं रेल्वे क्वार्टर आठवलं. त्याच्याकडे लुई आर्मस्ट्राँगची कॅसेट होती, त्यात 1928 चं 'वेस्ट एंड ब्लूज'. आधी ट्रम्पेट एकटाच येतो, सगळी वाट मोकळी करून घेतो, मग बाकीचे शिरतात. मामा सांगायचा, हा माणूस न्यू ऑर्लिन्सचा. तिकडे मयतीलाही बँड, जाताना संथ आणि परतताना नाचत. आजी चिडायची, दिवेलागणीला मयतीच्या गोष्टी कशाला म्हणून.
मला वाद्य येत नाही, पण हे संगीत 40 वर्षं सोबत आहे. तुमचा अल्बम कोणता? आणि जवळची धाटणी कुठली, न्यू ऑर्लिन्स, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया की आपली मुंबई?

ओलितवाला
माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू. दुसरं नावच नाही. लाइन रात्री 12 ले येते, हरभऱ्याले पाणी असते. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोटरकडे, काहून की पाइप निसटला तं मोटरचा आवाज बदलते. 'सो व्हॉट'मधे बास एक वाक्य बोलते अन् बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मले दरवेळी तिथं "मंग काय" ऐकू येते. पॉल चेंबर्सचा बास हाय तो. अंधारात, पाणी दांडातून सरकत असताना ऐका एकदा.

तुरीच्या शेंगा
दादा, रात्री कानात घालून वावरात नका जाऊ. साप, रानडुक्कर, काही ऐकू यायचं नाही.

ओलितवाला
बूट-बॅटरी असते ताई. एक कान मोकळा ठेवतो.

धा_धिन_ना
पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकचा टाइम आउट! मी तबल्याचे वर्ग घेतो. 'टेक फाइव्ह' 5 मात्रांचं, 3 आणि 2 असं. झपताल 2-3-2-3, म्हणजे आपल्या हाताला नेमकं उलट. पोरांना टाळी द्यायला लावली, तर सगळी दुसऱ्या मात्रेनंतरच वळायला बघतात. पियानो तोच ठेका धरून राहतो, अगदी लेहऱ्यासारखा, म्हणून सॅक्सोफोनला आणि ड्रमला मोकळं फिरता येतं. रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडची. ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईला आले होते, अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवलं. अल्बम पुढच्याच वर्षीचा. मला तो परका वाटतच नाही.

मोझरीकडची
कॅन्सस सिटी, काउंट बेसीचा बँड. एक छोटी ओळ सॅक्सोफोनवाले पुन्हा पुन्हा वाजवतात, तिला ट्रम्पेटवाले वरून उत्तर देतात, आणि ते चढतच जातं. आमच्याकडे खंजिरी भजनात बुवा ओळ टाकतात, मंडळ उचलतं, तेच. बाबा 30 वर्षं भजनी मंडळात होते. त्यांना 'वन ओक्लॉक जंप' ऐकवलं होतं. डोळे मिटून मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, मंडळ जमलेलं हाये. मागच्या पोळ्याला गेले. आता ते मला लावायला धीर होत नाही.

तुरीच्या शेंगा
लाव ग. त्यांना आवडलं होतं ना.

टाकळीचा
मुंबईची धाटणी कोणीच घेतली नाही? चिक चॉकलेट! गोव्याचा ट्रम्पेटवाला, त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त (1951) पडद्यावरही दिसतो. त्या सिनेमाचं संगीत सी. रामचंद्रांचं, ते नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. त्याचे नायक भगवानदादा जन्मानं अमरावतीचे. एवढं सगळं आपल्या वऱ्हाड-नागपूरकडून गेलंय, आणि आपल्याकडेच कोणाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अल्बमच हवा असेल तर शंकर-जयकिशनचा 'रागा जॅझ स्टाइल', 1968. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन.

दुपारची_चहा
मला यातलं काही माहीत नाही. भाकरी थापताना ऐकायला काय लावू? गडबड नको.

धा_धिन_ना
चेट बेकर. कॅलिफोर्नियाकडची हळुवार धाटणी. ट्रम्पेटही कानाशी बोलल्यासारखा वाजवतो, आणि गातो पण.

दुपारची_चहा
लावलंय. पहिली भाकरी करपली, ऐकतच राहिले 🙂 बाजरीची होती. तुमच्याकडे ज्वारीच ना सगळे?

तुरीच्या शेंगा
ज्वारीच. बाजरी आमच्याकडे संक्रांतीलाच.

खळ्यावरून
उशिरा लिहितोय. मळणीयंत्रात माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पेटी वाजवायचो, एका हातानं भाता, एका हातानं सूर. उजवा शाबूत होता, पण पेटीवरचं कापड काढलंच नाही दोन वर्षं. मुलानं जँगो राइनहार्ट ऐकवला. गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली होती, आणि तारा दाबायचा हात तोच. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं गिटारवर नवी वाट काढली. पॅरिसच्या त्याच्या संचात ड्रम नाही, बाकीच्या गिटारीच ठेका देतात, वर ग्रापेलींचं व्हायोलिन. मी पहिल्यांदा ऐकताना बोटं मोजत बसलो होतो. आता भाता तीन बोटांनी ओढतो. दर गुरुवारी.

मोझरीकडची
दादा 🙏 आज बाबांचं ते लावलं.

वर्धाकाठ
सगळं दोनदा वाचलं. रविवारी बँडवाल्या काकांकडे जातोय मामाची कॅसेट घेऊन. आर्वी-पुलगावकडे कोणाचा टेप चालू आहे का?

टाकळीचा
माझा आहे. बेल्ट सैल झालाय, वर्ध्याहून आणून टाकतो शनिवारी.